घरातल्या सगळ्या गोळ्या आणा

पुसदच्या एका खाजगी दवाखान्याच्या काउंटरवर मी सव्वीस वर्षं बसले. डॉक्टर मला स्टाफ म्हणायचे, स्टाफ मला मॅडम म्हणायचा आणि पेशंटचं म्हणाल तर ते नंबरवर अवलंबून असे. लवकर नंबर लागला की मी नसीमताई, उशिरा लागला की 'काउंटरवर बसते थे बाई'. दोन्ही नावांना मी ओ देत असे.

दवाखाना आमच्याच गावातल्या डॉक्टरांचा. पण त्यातल्या एका खोलीत बाहेरगावचे स्पेशालिस्ट ठरलेल्या दिवशी येऊन बसत. मंगळवारी कातडीचे, पहिल्या शनिवारी किडनीचे आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी हार्मोनचे. हे हार्मोनचे डॉक्टर नागपूरहून गाडीने येत, नऊला बसत आणि चारला उठत. पेशंट चाळीस. जेवणाचा वेळ सोडला तर एकेकाच्या वाट्याला नऊ-दहा मिनिटं यायची, आणि पहिल्यांदा आलेला पेशंट त्यातली आठ मिनिटं पिशवीत हात घालून बसायचा. "इथंच ठेवला होता जी कागद," असं म्हणत तो पिशवीतून टिफिन काढी, टॉवेल काढी, एकदा तर एकाने कुलूप काढलं होतं. कागद निघेपर्यंत बाहेर पुढचा पेशंट दारावर टकटक करू लागे.

म्हणून मी एक पद्धत पाडली. रविवारच्या आधीच्या बुधवारी मी प्रत्येक नव्या पेशंटला फोन करायची आणि त्याची तयारी करून घ्यायची. जुने रिपोर्ट आणा. चालू गोळीचं पाकीट किंवा बाटली आणा, नुसतं 'पांढरी गोळी' सांगू नका. त्रास कधीपासून आहे ते घरून आठवून या. घरात आई, बहीण, मावशी कुणाला थायरॉईड आहे का ते विचारून या. गोळी कशासोबत घेता, चहाच्या आधी की नंतर, ते खरं खरं सांगा. एवढं केलं की डॉक्टरांची दहाही मिनिटं पेशंटला मिळतात.

सांगायला सोपं होतं. 'जुने रिपोर्ट आणा' म्हटल्यावर एका बाईंनी सासऱ्यांच्या मोडलेल्या पायाचा एक्सरे आणला. सासरे वारून अकरा वर्षं झाली होती. मी म्हटलं, हा कशाला आणला? तर म्हणाल्या, "यापेक्षा जुना घरात दुसरा नाई." एक निवृत्त हेडमास्तर आले, त्यांच्या फाइलला अनुक्रमणिका होती, लहानपणच्या कांजिण्यांपासून सगळं क्रमाने लावलेलं. फक्त थायरॉईडचा रिपोर्ट नव्हता. तो मागच्याच आठवड्यातला असल्यामुळे जुन्यात बसत नाही, म्हणून त्यांनी तो घरी ठेवला होता. आणि 'त्रास लिहून आणा' असं एका नव्या सुनेला सांगितलं, तर यादी सासूबाईंनी लिहून पाठवली. एकूण सतरा तक्रारी. त्यातल्या तीन थायरॉईडच्या होत्या, बाकी चौदा सुनेच्या स्वभावाच्या. डॉक्टरांनी ती यादी शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "पहिल्या तीन तक्रारींवर औषध आहे."

हा आजार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी डॉक्टर नाही, पण सव्वीस वर्षं दाराबाहेर बसून माणूस बरंच ऐकतो. गळ्यात पुढच्या बाजूला एक छोटी ग्रंथी असते. पंख्याला जसा रेग्युलेटर, तशी ती शरीराला. ती मंद झाली की सगळंच एकवर चालू लागतं. माणूस थकतो, फुगतो, केस गळतात, कातडी कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, पोट साफ होत नाही, सगळ्यांना घाम येत असताना याला थंडी वाजते. आणि घरचे म्हणतात, आळस आला आहे. उपाय म्हणजे एक बारीक गोळी, रोज सकाळी, उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत.

लोकांचा घोटाळा व्हायचा तो रिपोर्टवर. त्यात टीएसएच नावाचा आकडा असतो आणि ग्रंथी मंद पडली की तो वाढतो. "वाढला म्हणता अन् कमी झाला म्हणता, काय समजाव माणसानं," असं मला कितीदा तरी ऐकावं लागलं. मग मी सांगायची, टीएसएच म्हणजे मेंदूची हाक. नवरा झोपलेला असला आणि उठत नसला की बायको काय करते? आवाज चढवते. ग्रंथी जितकी झोपलेली तितकी हाक मोठी. हे बायकांना लगेच समजे. नवऱ्यांना मी दुसऱ्यांदा समजावून सांगत असे.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला बसले त्यांच्याकडे येते.

दिग्रसजवळच्या एका गावचे नामदेवराव गावंडे आणि त्यांची बायको वत्सलाबाई. घरची कपाशी, सोयाबीन, थोडी तूर. वत्सलाबाईंना थायरॉईड निघाला होता. दिग्रसच्या डॉक्टरांनी पन्नासची गोळी सुरू केली, सुरुवातीला बरं वाटलं, पण दिवाळीनंतर रिपोर्ट बिघडत गेला. गोळी पंच्याहत्तरची झाली, मग शंभरची, मग सव्वाशेची. प्रत्येक वेळी आकडा आधीपेक्षा वर. शेवटी त्या डॉक्टरांनी हात जोडले आणि आमच्या रविवारचा पत्ता दिला.

एप्रिलच्या शेवटी फोनवर नाव नोंदवलं ते नामदेवरावांनी. मे महिन्यातल्या त्या बुधवारी मी तयारीचा फोन लावला तोही त्यांनीच उचलला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत.

"बोला मॅडम, बोला. मी गावंडे. मी आता वावरातून येऊन राह्यलो, सकाळपासून तीन चकरा झाल्या. हिचं काय सांगू तुमाले, ही दिवसभर झोपून राह्यते. चालली तं अशी चालते का जसं कोनी धक्का मारून राह्यलं. अन् माह्यं पाहा. बासष्ट वर्षाचा हावो मी. पहाटे चार वाजता उठतो, आंगन झाडतो, पानी भरतो, बैल धुतो. वजन आठ किलो उतरलं. माह्यी पँट आता दोरीनं बांधा लागते."

मी म्हटलं, "काका, पेशंट कोण आहे?"

"तेच तं सांगून राह्यलो. पेशंट ही हाय."

"मग त्यांना फोन द्या ना."

मागे कुणीतरी हळू काही बोललं. नामदेवराव म्हणाले, "थे म्हणते, काही नाई. तुम्ही मलेच सांगा."

मी त्यांनाच सांगितलं. सगळ्या गोष्टी सांगितल्या, रिपोर्ट आणा हे दोनदा सांगितलं. गोळी रोज घेतात का, विचारलं. "रोज. एक दिवसाचा खाडा नाई. दोघंबी संगंच घेतो, तिची थायरेटची, माह्यी बीपीची," असं ते म्हणाले. मी माझ्या वहीत 'गोळी नियमित' असं लिहिलं आणि पुढचा नंबर फिरवला. ती ओळ माझ्याच अक्षरात आहे.

रविवारी ते आले. मे महिना यवतमाळ जिल्ह्यात कसा असतो हे इथल्यांना सांगायला नको, बाकीच्यांनी एवढंच समजावं की कूलरसमोरची खुर्ची मिळावी म्हणून आमच्याकडे भांडणं होत. अशा दिवशी वत्सलाबाई लोकरी स्वेटर घालून आल्या. निळा, पूर्ण बाह्यांचा, वरून पदर. आल्या त्या कूलरकडे पाठ करून भिंतीजवळच्या बाकावर बसल्या. चेहरा सुजलेला, पाय तर चपलेत मावत नव्हते. बाजूच्या बाईने विचारलं, "मावशे, गरम नाई होत का?" वत्सलाबाईंनी बराच वेळ विचार केला आणि सांगितलं, "होत असन."

नामदेवराव बसलेच नाहीत. ते दारापासून काउंटरपर्यंत आणि काउंटरपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होते आणि शर्टाच्या बाहीने घाम पुसत होते. रांगेतल्या चार-पाच जणांना त्यांनी आपल्या तब्येतीचं गुपितही सांगून टाकलं. सकाळी कडुलिंबाचा कोवळा पाला वाटून त्याचा पेलाभर रस. "दिवाळीपासून घेऊन राह्यलो. गावातले वीस-पंचवीस लोक माह्यं पाहून घेतात. सरपंचबी घेते." दोघांनी ते लिहूनही घेतलं.

मी रिपोर्ट मागितले. नामदेवरावांनी खांद्यावर हात नेला. तिथे पिशवी नव्हती. पिशवी दिग्रसच्या एसटी स्टँडवरच्या बाकावर राहिली होती, कारण बस लागल्याबरोबर ते जागा धरायला धावले होते आणि मग बायकोला चढवायला खाली उतरले होते आणि पुन्हा जागा गेली म्हणून कंडक्टरशी भांडले होते. फोनवर फोटो आहे का, विचारलं. फोटो होता, पण बैलाचा.

माझा नियम होता, नव्या पेशंटचे रिपोर्ट नाहीत तर नंबर नाही. नियम मीच केला होता आणि त्याचा मला अभिमान होता. त्या दिवशी बेचाळीस लोक होते. मी म्हटलं, "काका, कागदाशिवाय डॉक्टर काय पाहतील? नवीन तपासणी करून घ्या अन् पुढच्या महिन्यात या. तुमचं नाव मी पहिलं लिहून ठेवते."

नामदेवराव वाद घालू लागले. शब्द इतक्या वेगाने येत होते की मला अर्धे कळले नाहीत. वत्सलाबाई उठून काउंटरपाशी आल्या. बाकापासून काउंटर दहा पावलांवर, त्यांना यायला वेळ लागला. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या जी. मले बसमधी झोप लागते."

आणि ते परत गेले.

त्यानंतर मी जेवले, चहा घेतला, चारपर्यंत काम केलं. घरी गेल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. दिग्रसहून पुसदला भर उन्हात बसने आलेली बाई, मी परत पाठवते, आणि तिला बसमधल्या झोपेचं समाधान. माझी अम्मी शेवटी शेवटी असंच बोलायची. तक्रार करायलाही ताकद लागते, ती नसली की माणूस असा समजूतदार वाटू लागतो.

जूनमधल्या बुधवारी मी पहिला फोन त्यांना लावला. नामदेवराव बोलू लागले, मी त्यांना मध्येच थांबवलं. "काका, आज मला फक्त काकूंशी बोलायचं आहे. तुम्ही वावरात जाऊन या."

"आत्ताच आलो."

"पुन्हा जा."

वत्सलाबाईंनी फोन घेतला. आवाज एखाद्या पुरुषासारखा जड. मी विचारायची आणि वाट पाहायची. सवयीने दोनदा मी 'हॅलो' म्हटलं, मग माझ्या लक्षात आलं की फोन तुटलेला नाही, त्या उत्तर शोधत आहेत. तेव्हापासून मी गप्प बसायला शिकले.

"गोळी रोज घेता?"

"रोज... घेतो."

"कशी आहे गोळी?"

"बारीक. पांढरी."

"ती घेऊन बरं वाटतं का?"

मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "पह्यले वाटे. दिवाळीपासून पाय सुजून राह्यले. उठलं का डोळ्यापुढं अंधारी येते. डॉक्टर म्हणे गोळी वाढवू. वाढवली तरी चक्कर हायेच."

आमचे हार्मोनचे डॉक्टर एकदा जेवताना बोलले होते ते मला आठवलं. म्हणाले होते, गोळी वाढवत जावं आणि रिपोर्ट बिघडत जावा, अशा वेळी ग्रंथीकडे पाहू नका. चूक बहुतेक बाटली आणि तोंड यांच्या मधे कुठेतरी असते. कुणी गोळी दुधाच्या चहात घेतं, कुणी रक्तवाढीच्या गोळीसोबत, कुणी बाटली चुलीशेजारी ठेवतं.

मला नेमकं काही सुचलं होतं असं म्हणणार नाही. पण मी म्हटलं, "काकू, रविवारी येताना तुमची बाटली तर आणाच, पण घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या सगळ्या आणा. कोणाच्याही असोत."

"बैलाच्याबी?"

"बैलाच्या राहू द्या."

रविवारी नामदेवरावांनी पिशवी खांद्यावर नाही, गळ्यात अडकवून आणली होती. महिन्याभरात ते आणखी वाळले होते. डोळे मोठे मोठे दिसत होते आणि नव्या रिपोर्टचा कागद त्यांनी माझ्याकडे दिला तेव्हा तो कागद थरथरत होता. टीएसएचचा आकडा असा होता की मी तो आधी फोन नंबरचा तुकडा समजले.

मी पिशवी काउंटरवर रिकामी केली. डोकेदुखीची पाकिटं, मलम, खोकल्याची अर्धी बाटली, आणि दोन प्लास्टिकच्या पांढऱ्या बाटल्या, अगदी एकसारख्या. एकीवर थायरॉईडच्या गोळीचं लेबल, सव्वाशे, नवं कोरं. दुसरीवरचं लेबल घासून निघालेलं.

"ही दुसरी कशाची?"

नामदेवराव म्हणाले, "जुनी रिकामी झालेली बाटली हाय. पाकिटातल्या गोळ्या खिशात चुरा होते, म्हणून सूनबाई काढून तिच्यात भरून ठेवते. एक बाटली हिची, एक माह्यी. फडताळात दोन खण हायेत. डाव्या खणात हिची, उजव्या खणात माह्यी."

"चष्मा लावून लेबल पाहता का?"

"लेबल कायले पाहा लागते? जागा पाठ हाय."

मी काउंटरवर खडूने मधोमध रेघ मारली. म्हटलं, "समजा हे तुमचं फडताळ. घरी होत्या तशा बाटल्या ठेवा अन् सकाळी कशी घेता ते दोघं करून दाखवा."

नामदेवरावांना हा खेळ आवडला. त्यांनी बाटल्या ठेवल्या, दोन पावलं मागे गेले, घरातून येतात तसे आले, उजवीकडची बाटली उचलली आणि गोळी तळहातावर काढली. वत्सलाबाईंनी आपला हात हळूहळू पुढे केला आणि डावीकडची उचलली.

सव्वाशेचं नवं लेबल नामदेवरावांच्या हातात होतं.

मी म्हटलं, "काका, ती बाटली नीट पाहा. तुमची आहे ना?"

"माह्यीच. चकचकीत कागदाची, उजव्या खणातली."

मी त्यांच्या सुनेला फोन लावायला सांगितला आणि स्पीकर चालू केला. सून शिकलेली, चटकन बोलणारी होती. ती म्हणाली, "मी तर लेबल पाहूनच भरतो मॅडम. थायरॉईडची बाटली उजव्या खणात अन् बीपीची डाव्या."

"आधीपासून अशाच?"

"नाही, आधी उलट होत्या. दिवाळीत घराला रंग दिला तवा सगळं सामान काढलं होतं, मग मी परत लावलं. काहून, काय झालं?"

काय झालं ते काउंटरपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं होतं, एकट्या नामदेवरावांना सोडून. दिवाळीपासून वत्सलाबाईंची थायरॉईडची गोळी ते घेत होते आणि त्यांची बीपीची गोळी वत्सलाबाई. तिचा रिपोर्ट बिघडला की डॉक्टर गोळी वाढवत, आणि ती वाढलेली गोळी यांच्या पोटात जाई. ज्यांचा रेग्युलेटर ठीक होता त्यांचा पंखा पाचवर गेला होता आणि ज्यांचा मंद होता त्या बिना गोळीच्या, वरून बीपी उतरवणारं औषध घेत, स्वेटरात बसल्या होत्या.

रांगेत हसू फुटलं. मलाही येत होतं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात नामदेवरावांनी छातीवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच बाकावर बसले. "हे इथं कधी कधी कबुतरावानी फडफडते," ते म्हणाले. "मी समजलो कडुलिंबाचा गुण हाय."

हसू थांबलं. मी उठले, आत बसलेला पेशंट तसाच राहू दिला आणि दार उघडून दोघांना आत घेऊन गेले. सव्वीस वर्षांत न ठोकता आत जायची ती पहिली वेळ. बाहेर एक-दोघे कुरकुरले. त्यांना रांगेतल्याच एका बाईने गप्प केलं.

डॉक्टरांनी नामदेवरावांच्या मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. लगेच हृदयाचा आलेख काढला. ठोके जलद होते आणि मधून मधून चुकत होते. बीपीची गोळी सात महिने पोटात गेलेलीच नसल्यामुळे बीपीही वर. त्यांना दोन दिवस वरच्या मजल्यावर ठेवून घेतलं. नामदेवराव म्हणत होते, "डॉक्टरसाहेब, पेशंट ही हाय."

संध्याकाळी निघताना डॉक्टर माझ्यापाशी थांबले. म्हणाले, "चांगलं पकडलंत. अजून एखादा महिना गेला असता तर हा माणूस माझ्याकडे आलाच नसता, त्याला थेट नागपूरला न्यावं लागलं असतं."

मी त्यांना सांगून टाकलं की एक महिना आधीच गेला आहे आणि तो माझ्यामुळे. रिपोर्ट नव्हते म्हणून मी त्यांना मेमध्ये परत पाठवलं होतं. तेव्हाच हा घाम, ही येरझार माझ्या डोळ्यांसमोर होती. मी कागद शोधत बसले.

ते रागावले नाहीत. खिशातून गाडीची किल्ली काढली आणि म्हणाले, "कागद नसला तरी माणूस आत पाठवत जा. दहा मिनिटांतली दोन जातील, जाऊ द्या."

तो नियम मी दुसऱ्याच दिवशी खोडला. फोनवर सांगायच्या यादीत एक ओळ मात्र वाढवली, घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या आणा. त्या ओळीने पुढे किती पिशव्या माझ्या काउंटरवर रिकाम्या झाल्या आणि त्यातून काय काय निघालं ते सांगत बसले तर मासिकाचा हा अख्खा अंक पुरायचा नाही. लोक हसत, मी हसू देत असे.

वत्सलाबाईंना डॉक्टरांनी पुन्हा पन्नासपासून गोळी सुरू केली. एकदम सव्वाशे दिली तर हृदयावर ताण येतो, म्हणून हळूहळू. नामदेवराव दोन दिवसांनी घरी गेले ते नाराज होऊनच. वरच्या मजल्यावर त्यांनी डॉक्टरांना गुपचूप विचारून घेतलं होतं, "साहेब, थोडीशी, अर्धी चालू ठेवली तं? मले लय हुशारी वाटे." डॉक्टर नाही म्हणाले. तेव्हा ते म्हणाले, "मंग गावात मी काय सांगू? सरपंच अजून कडुलिंब पिऊन राह्यला."

माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी गावात काहीही सांगितलं नाही.

सप्टेंबरमध्ये ते फेरतपासणीला आले. तोवर पिशवी, रिपोर्ट, बाटल्या सगळं जागेवर. थायरॉईडच्या बाटलीवर सुनेने मोठं लाल कुंकू काढलं होतं आणि बीपीच्या बाटलीला काळा दोरा बांधला होता. वत्सलाबाईंचा आकडा खाली आला होता. चेहऱ्याची सूज उतरल्यावर कळलं की बाई चांगल्या नाकीडोळी नीटस आहेत आणि बोलतात तर बोलतच राहतात. त्यांनी मला सुनेचं, शेजारणीचं, तुरीवरच्या अळीचं, सगळं सांगितलं. नामदेवराव मात्र कूलरसमोरच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. पँट आता दोरीशिवाय टिकत होती.

मी वत्सलाबाईंना विचारलं, "काका कसे आहेत?"

त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, तुमाले म्हणून सांगतो. गोळ्या अदलाबदल झाल्या थे वाईटच झालं, मी मरत होतो. पन या मानसानं चाळीस वर्षात पह्यल्यांदा आंगन झाडलं होतं. पानी भरलं होतं. आता सात वाजेपावतर उठत नाई."

मी म्हटलं, "मग सांगा ना त्यांना काहीतरी काम."

"काय सांगू? थे म्हणते, थे काम गोळी करत होती, मी नाई."

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. आत डॉक्टरांनी सगळं पाहिलं, ठीक आहे म्हणाले, आणि एकच तक्रार केली. वत्सलाबाई गोळी घेतल्या घेतल्या दुधाचा चहा पीत होत्या, त्यामुळे गोळी पूर्ण लागत नव्हती. गोळीनंतर तासभर चहा नको. वत्सलाबाईंनी सांगितलं, "साहेब, मी चुलीपाशी गेलो का चहा ठेवतो अन् चहा ठेवला का पितो. हातात कप आला तं तासाचं कोन ध्यानात ठेवन?"

डॉक्टर नामदेवरावांकडे वळले. "काका, तुम्ही ठेवाल ध्यानात?"

नामदेवरावांनी विचार केला. आता विचार करायला त्यांना वेळ लागू लागला होता, चांगलं लक्षण होतं ते. "ठेवतो," ते म्हणाले.

डिसेंबरमध्ये मी निवृत्त झाले. त्याच्या आधीच्या बुधवारी, शेवटच्या तयारीच्या फोनांमध्ये, नवे पेशंट नसले तरी गावंड्यांचाही नंबर होता. सकाळचे सव्वासहा होऊन गेले असतील, शेतातले लोक नंतर भेटत नाहीत म्हणून मी त्यांना लवकर फोन लावी. वत्सलाबाईंनी उचलला. गोळी घेतली का, विचारलं. म्हणाल्या, साडेपाचला घेतली.

"अन् चहा?"

"चुलीवर हाय. पन देत नाई."

मागून नामदेवरावांचा आवाज आला. "अजून दहा मिनिटं हायेत. मॅडमले सांग."